गडग्याआतली माणसे

उत्तर इंग्लंडमध्ये नॉर्थम्बरलँडच्या उंच गायरानांत गवताखाली दबलेले दगडांचे चौकोन ठिकठिकाणी आढळतात. असा एक चौकोन साधारण अर्ध्या एकराचा असतो. त्याच्याभोवती मातीत रुतलेला दगडी गडगा आणि काही ठिकाणी गडग्याबाहेर चर. फाटक बहुधा पूर्वेला. आत शिरले की मधोमध एक उंचवट्याची वाट सरळ मागे जाते. तिच्या दोन्ही अंगांना जमीन खोलगट होते. ही गुरांची आवारे. वर्षानुवर्षे शेणमाती उकरून नेल्याने ती आणखी खोल गेली असावीत. वाट संपते तिथे तीन-चार गोल घरांची जोती दिसतात. प्रत्येक घर सहा ते आठ मीटर व्यासाचे. भिंत दगडाची आणि तिच्यावर शाकारलेले, शंकूसारखे उतरते छप्पर. आज भिंती गुडघ्याएवढ्याही उरलेल्या नाहीत, पण उंबऱ्याचा दगड, फरसबंदीचे तुकडे आणि चुलीची जागा अजून ओळखू येते. गुरे पुढे, माणसे मागे आणि सगळ्यांभोवती एक गडगा, अशी ही सुबक मांडणी आहे.

या घरांत राहणारी कुटुंबे रोमन साम्राज्याची रयत होती. हे पुस्तक त्यांच्याविषयी आहे.

इ. स. 43मध्ये सम्राट क्लॉडियसच्या फौजा ब्रिटनच्या दक्षिण किनाऱ्यावर उतरल्या आणि इ. स. 410च्या सुमारास तिथली रोमन सत्ता संपली. दक्षिण आणि पूर्व ब्रिटनमध्ये या काळात शहरे उभी राहिली, नाणी खेळू लागली आणि जमीनदारांनी ओसऱ्यांचे व रंगीत फरश्यांचे वाडे बांधले. उत्तरेचा आणि पश्चिमेचा डोंगराळ मुलूख मात्र लष्कराच्या सावलीत राहिला. तिथे जागोजागी रस्ते आणि छावण्या आल्या. इ. स. 122पासून सम्राट हेड्रियनने समुद्रापासून समुद्रापर्यंत 117 किलोमीटर लांबीची भिंत उभारायला घेतली. या मुलखाविषयीची बहुतेक पुस्तके त्या भिंतीविषयी, छावण्यांविषयी आणि सैनिकांविषयी आहेत. त्याच डोंगरांत पेरणी-कापणी करणारी, गुरे राखणारी आणि त्या सैन्याला धान्य, मांस, कातडी व माणसे पुरवणारी कुटुंबे या पुस्तकांत शेवटच्या एखाद्या प्रकरणात येतात. हा क्रम उलटा करायला हवा, असे मला ठामपणे वाटते. साम्राज्य डोंगरात टिकले ते रयतेच्या पोटावर. म्हणून त्याचा हिशेबही रयतेच्या अंगणातून मांडायला हवा.

प्रथम एक सावधगिरी. अशा वस्त्या डोंगरात मोठ्या संख्येने दिसतात, त्यावरून सखल भाग ओसाड होता असा समज होतो. तो चुकीचा आहे. खोऱ्यांत आणि मैदानात मध्ययुगापासून आजपर्यंत सतत नांगर फिरला आणि तिथल्या वस्त्या जमीनदोस्त झाल्या. त्यांचे बुजलेले चर आता विमानातूनच दिसतात, तेही कोरड्या उन्हाळ्यात, चरांवरचे पीक उंच व हिरवे राहते तेव्हा. डोंगरात मेंढ्या चरत राहिल्या, नांगर क्वचितच पोहोचला. म्हणजे डोंगरात वस्त्या जास्त होत्या असे नव्हे, तिथे त्या जास्त उरल्या. हे ध्यानात न घेतल्यामुळे जुन्या अभ्यासकांचे बरेच निष्कर्ष डळमळीत झाले.

सगळ्या वस्त्या एका साच्याच्याही नाहीत. नॉर्थम्बरलँडच्या टाइन आणि रीड नद्यांच्या खोऱ्यांत वर सांगितलेला चौकोनी घाट दिसतो. स्कॉटलंडच्या सीमेवरच्या चेव्हिअट डोंगरांत आवारे गोलसर किंवा वेडीवाकडी होतात आणि काही जागी जुन्या डोंगरी किल्ल्यांच्या तटबंदीवरच नवी घरे चढलेली दिसतात. कंब्रियात क्रॉस्बी रेव्हन्सवर्थजवळचे यू क्लोज हे अनेक आवारे एकमेकांना जोडून वाढत गेलेले खेडेच आहे. त्यातले एक गोल घर सुमारे 15 मीटर व्यासाचे, म्हणजे आसपासच्या घरांच्या मानाने फारच मोठे आहे. ते वस्तीतल्या कोणा मानकऱ्याचे असावे. रोमन रस्ता या वस्तीच्या अगदी जवळून जातो. यॉर्कशरच्या डेल्स भागात ग्रासिंग्टनच्या वरच्या चुनखडीच्या माळावर घरांपेक्षा शेते अधिक बोलकी आहेत. उतारावर ताली घालून केलेले लांब पट्टे एकमेकांना समांतर जातात आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सगळा माळ रेघांनी आखल्यासारखा दिसतो. वायव्य वेल्समध्ये भिंती जाड आणि दगड अवाढव्य. अँगलसी बेटावरची दिन ह्लिगुई ही सखल भागातली वस्ती याच घराण्यातली आहे. चुनखडीच्या उभ्या फरश्यांच्या बहुकोनी कोटात तिथे दोन गोल घरे आणि काही आयताकृती इमारती आहेत. आयताकृती इमारतींत लोखंड वितळवण्याच्या भट्ट्या सापडल्या. त्याच मुलखात यर एइव्हल डोंगराच्या शिखरावर त्रेर केइरी हा तटबंदीचा गाव आहे. त्यात सुमारे 150 दगडी घरे आहेत आणि तो रोमन काळातही नांदता होता. आपल्या पोलादी शिस्तीबद्दल प्रसिद्ध असलेल्या साम्राज्याने स्थानिक लोकांना डोंगरमाथ्यावरच्या कोटात राहू दिले, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

या वस्त्यांचा अभ्यास करणाऱ्यांची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे. 1861मध्ये अ‍ॅनिकच्या जॉर्ज टेट यांनी ब्रेमिश खोऱ्यातल्या ग्रीव्ह्ज अ‍ॅश या मोठ्या वस्तीत उत्खनन केले. यू क्लोज 1907-08मध्ये डब्ल्यू. जी. कॉलिंगवुड यांनी खणले. ते चित्रकार, लेखक आणि कलासमीक्षक जॉन रस्किन यांचे सहायक होते. तत्त्वज्ञ म्हणून आणि रोमन ब्रिटनचे इतिहासकार म्हणून पुढे नाव झालेले आर. जी. कॉलिंगवुड हे त्यांचे चिरंजीव. डेल्समधली शेते आर्थर राइस्ट्रिक यांनी पायाखाली घातली. ते मूळचे भूगर्भशास्त्रज्ञ होते, पण दगड, शेत, खाण आणि माणूस यांचा इतिहास त्यांनी कधी वेगवेगळा मानला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूकॅसलच्या जॉर्ज जोबी यांनी जवळजवळ एकट्याने नॉर्थम्बरलँडचा नकाशा भरून काढला. डोंगर तुडवून त्यांनी वस्त्यांची मोजमापे घेतली, हकहो, बेलिंग लॉ, केनेल हॉल नो अशी ठिकाणे खणली आणि एकामागून एक अहवाल प्रसिद्ध केले. आज या विषयावर लिहिणारा प्रत्येक जण त्यांच्या खांद्यावर उभा आहे, आणि मीही त्याला अपवाद नाही.

जोबींच्या उत्खननांनी एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध केली. गडगा दिसतो तो वस्तीचा शेवटचा अवतार असतो. त्याखाली लाकडी कुंपणाचे खड्डे आणि लाकडी घरांचे वर्तुळाकार चर सापडतात. घर कुजले की त्याच जागी नवे बांधायचे, असे पिढ्यान्‌पिढ्या चालले आणि मग कधीतरी लाकडाची जागा दगडाने घेतली. हकहोची सुरुवात तर रोमनांच्या आगमनाच्या कितीतरी शतके आधीची आहे. म्हणजे गडग्याआतले हे जगणे रोमने आणले नाही. रोम आले तेव्हा ते मुरलेले होते.

मग भोवती कुंपण कशासाठी? शत्रूसाठी नव्हे, हे उघड आहे. इतका बुटका बांध हल्ला थोपवू शकत नाही आणि पुष्कळ वस्त्या तर वरच्या उतारावरून आत सहज डोकावता येईल अशा जागी आहेत. कुंपण गुरांसाठी होते. रात्री लांडग्यापासून आणि चोरापासून राखायला, हिवाळ्यात जनावरे जवळ ठेवायला आणि शेणखत एका जागी साठवायला ते लागे. त्याशिवाय त्याला आणखी एक अर्थ होता. हे घर आमचे, ही जमीन आमची, हे सांगणारी ती खूण होती. फाटकाजवळचे दगड मुद्दाम मोठे आणि चांगले निवडलेले असतात, ते यामुळेच.

या शेतीचे चित्र आता बरेच स्पष्ट आहे. सातू हे भरवशाचे पीक. जोडीला स्पेल्ट आणि एमर हे सालीचे गहू. गुरे आजच्या मानाने लहानखुरी, मेंढ्या बारीक हाडाच्या. आम्लधर्मी जमिनीत हाडे विरघळून जातात, त्यामुळे कित्येक डोंगरी वस्त्यांत एकही हाड हाती लागत नाही. चुनखडीच्या प्रदेशात ती टिकतात. दगडी जाती मात्र सगळीकडे सापडतात. पुढे-मागे घासायच्या जुन्या पाट्याची जागा फिरत्या जात्याने रोमनांच्या आधीच घेतली होती. दलदलीच्या थरांतल्या परागकणांवरून असेही दिसते की, उत्तरेतली जंगले रोमन सैन्याने तोडली हा जुना समज खरा नाही. सैन्य आले तेव्हा मोठा प्रदेश मोकळा, चराऊ आणि नांगरलेला होता. याचा ठसठशीत पुरावा भिंतीच्या पायाखालीच आहे. वॉल्सएंड आणि थ्रॉक्ली इथे रोमन बांधकामाच्या खालच्या थरात नांगराच्या फाळाचे ओरखडे सापडले आहेत. जिथे साम्राज्याची सीमा आखली गेली तिथे आधी कोणाचे तरी शेत होते. हे ओरखडे मला त्या भिंतीच्या कोणत्याही शिलालेखापेक्षा मोलाचे वाटतात.

या शेतकऱ्यांकडून सरकारने काय आणि कसे घेतले? स्वतः त्यांनी एक अक्षरही लिहून ठेवलेले नाही. लिहिले ते घेणाऱ्यांनी. इ. स. 98मध्ये टॅसिटसने आपले सासरे, ब्रिटनचे सुभेदार अग्रिकोला, यांचे चरित्र लिहिले. त्यात करवसुलीतल्या जुलमाचे वर्णन आहे. लोकांना बंद कोठारांपुढे ताटकळत बसावे लागे, सरकारात भरायचे धान्य चढ्या भावाने विकत घ्यावे लागे आणि छावणी शेजारी असतानाही धान्य दूरच्या आडवळणी ठाण्यावर वाहून नेण्याचा हुकूम सुटे. अग्रिकोलाने हे गैरप्रकार थांबवले, असे टॅसिटस अभिमानाने सांगतो. जावयाने सासऱ्याचे केलेले हे कौतुक जरा जपूनच घ्यावे. पण गैरप्रकारांची यादी इतकी नेमकी आहे की ती मनाने रचलेली वाटत नाही.

याच संदर्भात एक वस्तू जवळून पाहण्यासारखी आहे. 1915मध्ये भिंतीलगतच्या कार्व्होरन छावणीजवळ धान्य मोजायचे एक कांस्याचे माप सापडले. बादलीच्या आकाराचे हे भारदस्त माप सम्राट डोमिशियनच्या काळातले आहे. इ. स. 96मध्ये त्याचा खून झाल्यावर त्याचे नाव सगळीकडून पुसले गेले, तसे ते या मापावरूनही खरवडून काढलेले आहे. क्षमतेचा आकडा मात्र शाबूत आहे: साडेसतरा सेक्स्टारियस (हे एक रोमन माप). प्रत्यक्षात त्यात याहून सुमारे एकपंचमांश अधिक धान्य मावते. मापात पाप होते की आतली खूण दाखवणारी पट्टी हरवली आहे, यावर विद्वानांत एकमत नाही. दोन्ही बाजूंचे म्हणणे पुस्तकात दिले आहे. पण मापासमोर पोते घेऊन उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला आक्षेप घ्यायची सोय होती का, हा प्रश्न उरतोच.

भिंतीजवळच्याच व्हिंडोलांडा छावणीत 1973पासून सापडत आलेल्या लाकडी पट्ट्यांवरच्या पत्रांनी छावणीच्या आतले व्यवहार उजेडात आणले. ही पत्रे इ. स. 100च्या आसपासची आहेत. ऑक्टेव्हियस नावाचा एक व्यापारी आपण हजारो मापे धान्य खरेदी केल्याचे लिहितो, पैसे पाठवा म्हणून निकड लावतो आणि कॅटरिकला पडून असलेली कातडी रस्ते खराब आहेत म्हणून आणली नाहीत, असे कळवतो. एका टिपणात ब्रिटन घोडेस्वारांच्या लढण्याच्या पद्धतीविषयी तुच्छतेचे उद्गार आहेत. छावणीतल्या बुटांसाठी, तंबूंसाठी आणि खोगिरांसाठी अमाप कातडे लागत असे. ते कोणाच्या तरी गोठ्यातूनच येणार. या पत्रांत शेतकऱ्याचे नाव येत नाही, पण त्याच्या घामाचा माल पानोपानी येतो.

आता भिंतीकडे वळू. जोबींच्या पिढीचे मत असे होते की रोमन शांततेत डोंगरी शेतकरी सुखावला, किल्ल्यांची गरज सरली आणि वस्त्या वाढल्या. काही भागांत हे खरे असेलही. पण न्यूकॅसलच्या उत्तरेकडच्या किनारी मैदानात अलीकडे घरबांधणी आणि खाणकाम यांच्या आधी मोठ्या क्षेत्रांवर उत्खनने झाली. पेग्सवुड मूर, ब्लॅग्डन पार्क आणि ब्रंटनच्या दोन जागा त्यांतल्या. निक हॉजसन आणि सहकाऱ्यांनी 2012मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शतकानुशतके नांदणाऱ्या या वस्त्या इ. स.च्या दुसऱ्या शतकात, भिंत उभी राहिल्यानंतर थोड्याच काळात उठल्या. लोकांना हुसकावले, की गुरांच्या जुन्या वाटा आणि बाजार तुटल्यामुळे ते आपणहून निघून गेले, हे दगड सांगत नाहीत. परंतु भिंतीने फक्त शत्रू अडवला आणि रयतेला सुख दिले, हे म्हणणे आता टिकत नाही. 1937मध्ये पुरातत्त्वज्ञ किलब्राइड-जोन्स यांनी खणलेली मिल्किंग गॅप ही वस्ती तर भिंत आणि तिच्यामागचा लष्करी चर यांच्या मधोमध सापडली आहे. तिथले कुटुंब कधी उठले, यावर आजही चर्चा चालते. ते तोवर तिथे असेल, तर त्याच्या दारापुढे एके दिवशी सैन्य दोऱ्या घेऊन आखणी करायला उभे राहिले असणार.

या वस्त्यांत रोमन वस्तू फार कमी मिळतात. तांबड्या चकचकीत मातीच्या भांड्याचा तुकडा, एखादे नाणे, एखादा मणी, काचेच्या बांगडीचा तुकडा. या बांगड्यांचे वर्गीकरण 1938मध्ये किलब्राइड-जोन्स यांनीच केले. रोमनांच्या फुटक्या भांड्यांची काच वितळवून स्थानिक कारागिरांनी त्या घडवल्या. काही पांढऱ्या, काही हिरवट, काहींवर निळ्या-पांढऱ्या पिळाच्या रेघा. पुष्कळशा इतक्या अरुंद आहेत की मोठ्या माणसाच्या हातात त्या चढणार नाहीत. साम्राज्याची काच घेतली, पण दागिना आपल्या आवडीचा केला. अशा तुटपुंज्या वस्तूंवरून ही माणसे दरिद्री होती, मागासलेली होती, रोमची संस्कृती त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाही, असे फ्रान्सिस हॅव्हरफील्ड यांच्यापासूनच्या अभ्यासकांना वाटले. मला ते पटत नाही. शेजारून रोमन रस्ता जात असताना यू क्लोजच्या माणसांनी गोल घर सोडले नाही. पैसा नव्हता म्हणून सोडले नाही, असे सरसकट म्हणता येणार नाही. 2010मध्ये कंब्रियातल्या क्रॉस्बी गॅरेटजवळ मुखवट्याचे एक देखणे घोडेस्वारी शिरस्त्राण सापडले आणि लिलावात ते 20 लाख पौंडांहून अधिक किमतीला गेले. नंतरच्या शोधात कळले की ते अशाच एका शेतकरी वस्तीत जमिनीत ठेवलेले होते. फौजेत नोकरी करून परतलेल्या कोणा गावकऱ्याचे, की देवघेवीतून आलेले, ते सांगता येत नाही. एवढे कळते की ही वस्ती जगापासून तुटलेली नव्हती. काय घ्यायचे आणि काय नाही, हे तिथली माणसे ठरवत होती.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये, यासाठी एक दुवा सांगतो. या काळाच्या सुरुवातीच्या शतकांत आपल्याकडे सातवाहनांचे राज्य होते. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडन देवाची कांस्यमूर्ती रोमन व्यापाराची साक्ष देते. सोपारा आणि कल्याण या बंदरांची नावे ग्रीक भाषेतल्या पेरिप्लस या ग्रंथात येतात. ज्या साम्राज्याशी आपण व्यापार केला, त्याच साम्राज्याला डोंगरातला ब्रिटन कर भरत होता. आणखी एक योगायोग पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांचा. 1921-22मध्ये त्यांनी वेल्समधली सेगोन्टियम ही रोमन छावणी खणली, 1944 ते 1948 या काळात ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते आणि 1945मध्ये त्यांनी पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूला रोमन भांडी शोधली. परत गेल्यावर 1951-52मध्ये उत्तर ब्रिटनमधल्या ब्रिगँटीझ लोकांच्या स्टॅनविक इथल्या अफाट तटबंदीवर त्यांनी काम केले. पुरातत्त्वाची जी शिस्त त्यांनी इथे शिकवली, तिच्याच बळावर आपल्याकडेही राजवाड्यांबरोबर सामान्यांच्या वस्त्या खणल्या जाऊ लागल्या.

पुस्तकाच्या मर्यादा सांगून थांबतो. हा ग्रंथ लष्करी इतिहास नाही. लढाया आणि सम्राट जिथे शेतकऱ्याच्या आयुष्यात शिरतात तिथेच ते आले आहेत. पहिला भाग प्रदेशांचा, दुसरा शेतीचा आणि घरांचा, तिसरा कर, बाजार आणि सैन्य यांचा आहे. गावांची नावे स्थानिक उच्चाराला जवळ जातील अशी लिहिली आहेत. वाद असेल तिथे दोन्ही बाजू मांडून माझे मत वेगळे नोंदवले आहे, म्हणजे वाचकाला ते नाकारण्याची मोकळीक राहील.

वाचकाला माझी एकच विनंती आहे. यापुढे कोणत्याही साम्राज्याचा इतिहास हाती घेतलात, मग तो रोमचा असो, मोगलांचा असो की इंग्रजांचा, तर त्यातल्या भव्य इमारतींविषयी वाचताना त्या बांधणाऱ्यांना धान्य कोणाच्या कोठारातून आले हेही विचारा. उत्तर पुस्तकात नसेल तर ते पुस्तक अपुरे आहे असे समजा. आणि आपल्या गावाच्या गायरानात, डोंगराच्या पदरात जुने बांध, जोती, जात्यांचे तुकडे दिसले तर ते उचलून नेऊ नका, त्यांवर जेसीबी फिरू देऊ नका, पुरातत्त्व खात्याला कळवा. ज्यांनी काही लिहून ठेवले नाही त्यांचा इतिहास फक्त जमिनीत असतो, आणि जमीन एकदा उकरली की तो पुन्हा मिळत नाही.